दप्तर कोणाचे, किल्ली कोणाकडे?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विचार आपण खर्चाच्या रकान्यात करतो. त्याचा खरा हिशेब सार्वजनिक नोंदींच्या ताब्याचा आहे. आणि तो ताबा टिकवायचा असेल, तर शासनाला स्वतःची जाणती माणसे पोसावी लागतील.

जबलपूर हे न्यायालयाचे शहर आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथे असल्याने वकील, कारकून, टंकलेखक आणि दूरच्या तालुक्यांतून तारखेसाठी आलेले पक्षकार यांचा राबता बारमाही असतो. शहराच्या उत्तरेस, आधारतालच्या पुढे, महाराजपूर या वस्तीत मी निवृत्तीनंतर राहतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर त्यांच्या वाटणीच्या दाव्यातील आदेशाची प्रमाणित नक्कल मागण्यासाठी जिल्हा न्यायालयात गेलो होतो. कारकुनाच्या टेबलावरील पडद्यावर ओळखीचे विंडोज नव्हते, उबुंटू होते. हे कधीपासून, असे विचारले तर तो म्हणाला, ‘‘मी नोकरीला लागलो तेव्हापासून हेच आहे, साहेब.’’ प्रकरणाचा क्रमांक, आदेशाची तारीख, पुढची नेमणूक हे सारे त्याने क्षणात काढून दाखवले. नक्कल मात्र नेहमीच्या रीतीने तिसऱ्या दिवशी मिळाली.

त्या कारकुनाला जे नित्याचे वाटत होते, ते आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील एक मोठे आणि फारसे न बोलले गेलेले परिवर्तन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या देखरेखीखाली २००७ मध्ये ई-न्यायालय प्रकल्प सुरू झाला. न्यायालयांतील संगणकांसाठी उबुंटू ही मुक्तस्रोत प्रणाली निवडण्यात आली, आणि दाव्यांच्या नोंदी ठेवणारे ‘सीआयएस’ हे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने मुक्तस्रोत साधनांवर उभे केले. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस देशातील १८,७३५ जिल्हा व तालुका न्यायालये या व्यवस्थेत आली होती. देशभरातील खालच्या न्यायालयांत चार कोटींहून अधिक दावे प्रलंबित आहेत, हे आज कोणीही नागरिक घरबसल्या पाहू शकतो, ते याच नोंदींच्या आधारे. तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले.

राज्यघटनेचा अर्थ लावणारी संस्था जेव्हा आपले दप्तर अशा सॉफ्टवेअरवर ठेवते, तेव्हा त्यामागील कारण समजून घेणे प्रशासनातील प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. दुर्दैवाने आपल्याकडे ते कारण एकाच शब्दात उरकले जाते : फुकट.

फुकट हा शब्द दिशाभूल करतो

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी माणसाने लिहिलेला मजकूर असतो. संगणकाने काय करावे याच्या सूचना त्यात क्रमाने लिहिलेल्या असतात. हा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, निर्माता स्वतःपाशी ठेवतो आणि ग्राहकाला केवळ वापराचा परवाना देतो, तेव्हा ते बंदिस्त सॉफ्टवेअर. मूळ मजकूर वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा परवान्यातच दिलेली असते, तेव्हा ते मुक्तस्रोत. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइडचे सर्व फोन त्या गाभ्यावर चालतात. आधारची यंत्रणाही मोठ्या प्रमाणात मुक्तस्रोत घटकांवरच उभारलेली आहे.

परवान्याचे पैसे वाचतात, हे खरे. परंतु संगणक-व्यवस्थेच्या एकूण खर्चात परवाना हा एक भाग असतो. प्रशिक्षण, देखभाल, सुरक्षा, जुन्या नोंदींचे स्थलांतर यांचा खर्च दोन्ही प्रकारांत होतोच. ‘फुकट’ म्हणून मुक्तस्रोत स्वीकारणारे कार्यालय या खर्चाची तरतूद करत नाही, दोन वर्षांत व्यवस्था मोडकळीस येते, आणि मग ‘आम्ही हे करून पाहिले, जमत नाही’ असा शेरा फाइलीवर पडतो. असे शेरे मी पाहिले आहेत. त्यांतील एकावर माझीही सही आहे.

खरा प्रश्न मालकीचा आहे, आणि तो मला सेवेत असताना फार उशिरा कळला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका जिल्ह्यात आम्ही पुनर्वसितांच्या नोंदी संगणकावर घेतल्या होत्या. कोणाची किती जमीन गेली, कोणाला किती भरपाई मिळाली, कोणाची मिळायची आहे, याचा तो हिशेब होता. सॉफ्टवेअर एका खासगी पुरवठादाराने बनवून दिले होते. पाच वर्षांनी कंत्राट संपले, नवा पुरवठादार आला आणि जुन्या नोंदी त्याला उघडता येईनात. त्या ज्या साच्यात साठवल्या होत्या त्याचे वर्णन आमच्यापाशी नव्हते, कारण करारात ते मागण्याचे आम्हाला सुचलेच नव्हते. अखेर जुन्या यंत्रावरून सर्व नोंदी कागदावर छापून घेतल्या आणि कारकुनांनी त्या पुन्हा टंकल्या. टंकताना चुका झाल्या. ज्यांची नावे चुकली, त्यांच्यापैकी काहींना आपणच ती व्यक्ती आहोत हे सिद्ध करण्यासाठी तहसिलीचे उंबरठे झिजवावे लागले. त्या वेळी मी तो पुरवठादाराचा दोष मानला. आज मी तो माझा मानतो. नागरिकाची नोंद सरकारी कपाटात होती, पण कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवणारा करार मीच मंजूर केला होता.

लिपी आणि कुलूप

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या ठिकाणी पेशवे दप्तराची आठवण होते. १८१८ मध्ये मराठी राज्य बुडाल्यानंतर ते दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांच्या चौकशीसाठी सरकारला जेवढे लागे तेवढे ते उघडले जाई; संशोधकांना त्याची दारे दीर्घकाळ जवळपास बंदच होती. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीच विस्तारली.

त्या दप्तराला दोन कुलपे होती. एक ताब्याचे, दुसरे मोडी लिपीचे. पहिले कुलूप सत्तेने घातले आणि सत्तेनेच काढले. दुसरे मात्र कुलूप नव्हतेच. मोडी व्यवहारातून गेली, वाचणारे विरळ झाले, तरी ती लिपी कोणाच्या मालकीची नाही. कोणीही चिकाटीने ती शिकू शकतो, आणि म्हणूनच दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा एखाद्या कमाविसदाराचा हिशेब आजही वाचता येतो. आम्ही १९९८ मध्ये तयार केलेली फाइल मात्र २००३ मध्ये वाचता आली नाही. शाई आणि कागद यांचा भरवसा असलेल्या कारकुनापेक्षा आम्ही संगणकवाले अधिक बेफिकीर निघालो.

हिंदी आणि मराठी कार्यालयांत हा अनुभव अगदी घरगुती आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक देवनागरी फाँटची अक्षरयोजना वेगळी असे. एका कार्यालयात टंकलेले परिपत्रक दुसरीकडे उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसे. युनिकोड हे खुले मानक आल्यावर तो प्रश्न नव्या मजकुरापुरता सुटला. जुन्या फाइली अजूनही अनेक ठिकाणी तशाच पडून आहेत. मानक खुले असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

वाडिनारचा धडा

मालकीचा हा प्रश्न केवळ जुन्या फाइलींचा असता, तर तो अभिलेखपालांवर सोडता आला असता. जुलै २०२५ मध्ये तो वर्तमानात आला. रशियन तेल उद्योगाशी संबंधित निर्बंधांच्या नव्या यादीत युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीच्या वाडिनार येथील शुद्धीकरण कारखान्याचा समावेश केला. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा आहे. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीची ई-मेल आणि इतर सेवा थांबवली. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले होते, कंपनी भारतीय कायद्याखाली नोंदलेली होती, आणि भारताने असा कोणताही निर्बंध घातलेला नव्हता. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली.

या घटनेत कोण योग्य, कोण अयोग्य, हा माझा विषय नाही. बहुराष्ट्रीय कंपनीला अनेक देशांचे कायदे पाळावे लागतात, हे समजण्यासारखे आहे. धडा असा की भाडेकरूचे घर कितीही नीटनेटके असले, तरी घरमालकावर तिसऱ्याच कोणाचा दबाव आला की बिऱ्हाड रस्त्यावर येऊ शकते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले असते तर हा प्रसंग आलाच नसता, असेही मी म्हणणार नाही. तेच सॉफ्टवेअर परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवले असते, तर तो सर्व्हरही बंद होऊ शकला असता. फरक त्यानंतरच्या दिवशी पडतो. तीच ई-मेल व्यवस्था दुसऱ्या जागी, दुसऱ्या यंत्रांवर, कोणाचीही परवानगी न मागता पुन्हा उभी करता येते, कारण ती चालवण्याचा हक्क परवान्याने कायमचा दिलेला असतो. न्यायालयांतील उबुंटूचेही तसेच आहे. ते वितरित करणारी कंपनी ब्रिटिश आहे. तिने उद्या हात काढून घेतला, तरी हाती असलेली प्रत वापरण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि वाटण्याचा आपला हक्क जात नाही.

म्हणूनच ‘स्वदेशी’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांची गल्लत टाळली पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आल्याचे वृत्त आले आणि त्याचे स्वागत झाले. भारतीय कंपनीने जागतिक तोडीचे सॉफ्टवेअर बनवावे, ही अभिमानाचीच गोष्ट. निर्बंधांच्या राजकारणापासून त्यामुळे संरक्षणही मिळते. परंतु ते सॉफ्टवेअर बंदिस्त आहे. कंपनी विकली गेली, तिचे धोरण बदलले किंवा पुढच्या करारात दर वाढले, तर सरकारपुढील पेच स्वरूपाने तोच राहील. घरमालक आपल्या गावचा असला, म्हणून भाडेकरू मालक होत नाही.

आक्षेप खरे आहेत

मुक्तस्रोताच्या समर्थकांची एक वाईट सवय अशी की ते आक्षेपकांना विकले गेलेले मानतात. आक्षेपांत तथ्य आहे आणि त्यांची उत्तरे दिल्याखेरीज धोरण पुढे जाणार नाही.

पहिला आक्षेप म्युनिकचा. जर्मनीतील या शहराच्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जाण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक तिकडे नेले. जगभर त्याचे कौतुक झाले. २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. राजकीय नेतृत्व बदलले होते, इतर सरकारी कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण अडखळत होती, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. एकट्या संस्थेने बेट होऊन राहणे किती कठीण असते, हे म्युनिकने दाखवले. त्याच देशातील श्लेस्विग-होलश्टाइन या राज्याने ती चूक ओळखली आहे. २०२४ मध्ये त्याने सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला, तो संपूर्ण राज्य प्रशासनासाठी आणि टप्प्याटप्प्याने : आधी कार्यालयीन कागदपत्रे, मग ई-मेल, शेवटी संगणकाची मूळ प्रणाली.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. सर्वांना दिसणारा कोड सर्वजण तपासतात, म्हणून तो सुरक्षित, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ‘सर्वजण’ म्हणजे पुष्कळदा कोणीच नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला. जगातील असंख्य बँका व संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्याची देखभाल मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर करत होती. मार्च २०२४ मधील प्रसंग तर अधिक गंभीर होता. ‘एक्सझेड’ या छोट्याशा साधनाचा थकलेला एकटा देखभालकर्ता मदत शोधत असताना, टोपणनावाच्या एका सहकाऱ्याने दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन केला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका यंत्रावर प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे अशी शंका आली, म्हणून तो उघडकीस आला. योगायोग असा की फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते.

बंदिस्त सॉफ्टवेअर याहून सुरक्षित असते असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपास वाटावे लागले. पण दुसऱ्याची चूक दाखवून आपली झाकत नाही. वरील दोन्ही प्रसंगांचा अर्थ एकच आहे : गावविहीर सर्वांची असते, म्हणून गाळ काढण्याची पाळी कोणाचीच नसते. जो समाज पाणी भरतो त्याने गाळ काढण्याची वर्गणीही दिली पाहिजे. झेरोधा या बेंगळूरुच्या दलाली पेढीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ज्यांच्या उपयोगाचे प्रमाण याहून कितीतरी मोठे आहे, त्या आपल्या शासनाने आणि सार्वजनिक बँकांनी याबाबत काय केले, हा प्रश्न विचारायला हवा.

तिसरा आक्षेप माणसांचा आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. कर्मचाऱ्यांना सवय नसते, जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीला माणूस मिळत नाही. याचे उत्तर केरळने दिले आहे. तेथील ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पाने सुमारे दोन दशकांपूर्वी सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण मुक्तस्रोत प्रणालीवर नेले. त्यासाठी बाहेरून तंत्रज्ञ आणले नाहीत. शाळेतल्याच शिक्षकांतून प्रशिक्षक घडवले, मल्याळम भाषेत पाठ तयार केले आणि शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढली. सरकारे बदलली, प्रकल्प राहिला. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. न्यायालयांनीही हीच वाट धरली. न्यायिक अधिकाऱ्यांतूनच प्रशिक्षक निवडले गेले. सीआयएसचा गाभा देशभर एकच ठेवला आणि भोवतालचा भाग प्रत्येक उच्च न्यायालयाने आपल्या नियमांनुसार घडवावा अशी मुभा दिली. म्हणून जबलपूरचा कारकून आणि साताऱ्याचा कारकून एकाच व्यवस्थेत आपापल्या रीतीने काम करतो.

छोट्या उद्योगांचे गणित

माझ्या घरापासून जवळच रिछाई औद्योगिक वसाहत आहे. तेथील लहान कारखानदारांना सार्वभौमत्वाचे व्याख्यान नको असते. त्यांना साठ्याचा, मजुरीचा आणि जीएसटीचा हिशेब वेळेवर हवा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अन्यथा धडधाकट असलेले संगणक अशा कारखान्यांत सर्रास आहेत. ते भंगारात काढावेत की त्यांच्यावर लिनक्स घालावे, हा प्रश्न तेथे विचारधारेचा उरत नाही.

अशा उद्योगांसाठी साधने आपल्याच देशात घडत आहेत. मुंबईतील फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा आणि उत्पादन यांचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आज अनेक देशांत वापरले जाते. कंपनीचा व्यवसाय परवाना विकण्यावर चालत नाही. सर्व्हरवरील जागा, देखभाल आणि सल्ला यांवर चालतो. शिक्षणाची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पांनी अशी साधने शिकवणारे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत उपलब्ध करून दिले आहेत. कमतरता आहे ती त्या दोहोंना जोडणाऱ्या स्थानिक तंत्रज्ञाची. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून असे तरुण निघाले, तर परवान्यापोटी परदेशी जाणारा पैसा त्यांच्या मजुरीच्या रूपाने जिल्ह्यातच फिरेल. माझ्या मते रोजगाराच्या दृष्टीने हाच या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

धोरण आहे, पाठपुरावा नाही

आपल्याकडे धोरणाचा अभाव आहे, असे कोणी म्हणू नये. केंद्राने २०१० मध्ये ई-प्रशासनातील खुल्या मानकांचे धोरण आणले. २०१५ च्या धोरणाने तर स्पष्टच सांगितले की, सरकारी कार्यालयांनी मुक्तस्रोताला प्राधान्य द्यावे आणि ते वगळायचे असल्यास पुरवठादाराने कारण नोंदवावे. त्याच वर्षी सरकारी सॉफ्टवेअरचा कोड इतर विभागांना खुला करण्याचे धोरणही आले. करोनाकाळात आरोग्य सेतूचा कोड प्रथम बंद ठेवून, टीका झाल्यावर २६ मे २०२० रोजी खुला करावा लागला, तेव्हा आपलेच पाच वर्षांपूर्वीचे धोरण किती जणांच्या स्मरणात होते, हे दिसून आले.

प्रशासनात ज्या धोरणासाठी पद नसते, ते धोरण फाइलीत राहते. त्यामुळे माझ्या सूचना साध्या आणि कारकुनी स्वरूपाच्या आहेत.

पहिली, प्रत्येक संगणकीय निविदेत ‘निर्गमाचे कलम’ सक्तीचे असावे. करार संपताना सर्व नोंदी खुल्या साच्यात, त्यांच्या वर्णनासह, परत मिळाल्या पाहिजेत. आणि हे खरोखर घडते की नाही याची चाचणी करार चालू असतानाच वर्षातून एकदा व्हावी. अग्निशमनाची कवायत आग लागल्यावर करत नाहीत.

दुसरी, मुक्तस्रोत वगळण्यासाठी दिलेले कारण संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावे आणि लेखापरीक्षणात तपासले जावे. आज बहुतेक कारणे ‘वापरकर्त्यांची सोय’ या दोन शब्दांत संपतात.

तिसरी, प्रत्येक राज्यात या कामासाठी स्थायी, जाणत्या आणि बदल्यांच्या फेऱ्यांतून मोकळ्या अशा तंत्रज्ञांचा संवर्ग असावा. पुरवठादार बदलू शकतो; काय मागायचे हे ठाऊक असलेला माणूस आपला असला पाहिजे. ही सूचना खर्चिक आहे, याची मला जाणीव आहे. वाचलेल्या परवानाशुल्काचा पहिला हक्क या माणसांच्या वेतनावर असावा.

चौथी, ज्या मुक्तस्रोत प्रकल्पांवर शासन विसंबून आहे, त्यांची यादी करून त्यांच्या देखभालीसाठी अर्थसंकल्पात लहानशी पण नियमित तरतूद व्हावी.

यांपैकी कोणतीही सूचना बंदिस्त सॉफ्टवेअरवर बंदी घाला, असे म्हणत नाही. काही कामांसाठी तेच उत्तम असेल. ते जरूर घ्यावे. मात्र घेताना बाहेर पडण्याचे दार कोठे आहे, हे पाहून घ्यावे.

शेजारच्या त्या वृद्ध गृहस्थांचा दावा त्यांच्या वडिलांच्या हयातीत दाखल झाला होता. तो त्यांच्या नातवाच्या काळात संपला, तरी या शहरात कोणी नवल करणार नाही. तोवर सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या येतील आणि जातील, कंपन्या उदयाला येतील आणि विकल्या जातील. त्या नातवाने १९९० च्या दशकातील एखादा आदेश मागितला, तर तो वाचता येईल असा मिळाला पाहिजे. तिसऱ्या दिवशी मिळाला तरी चालेल. राज्यकर्त्यांकडून दप्तर सांभाळण्याची अपेक्षा पेशवाईतही होती. आज त्यात किल्ली आपल्यापाशी ठेवण्याची भर पडली आहे, इतकेच.

(लेखक इतिहासाचे पदव्युत्तर पदवीधर व निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)